ऑक्टाव्हिया आरएसला टाकलेलं जुनं १.८ टर्बो इंजिन: ९ महिने, ८ हजार किमी नंतरचा अनुभव

आधी गाडी सांगतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ ची, एमएच-०८ पासिंग. पहिल्या पिढीतली, १.८ लिटर २० व्हॉल्व्ह टर्बो पेट्रोल, १५० पीएस, २१० एनएम, पाच गिअर मॅन्युअल. युरोपात आरएसला १८० पीएस मिळायचे, आपल्याकडे १५० वालं आलं, पण तेव्हा रस्त्यावर तेही भरपूर होतं. सहा वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच ठरवलं होतं की हळूहळू नीट करायची, मोठा इंटरकूलर, चांगले ब्रेक, सस्पेन्शन, आणि शेवटी मोठा टर्बो. इंटरकूलर आणि ब्रेकपर्यंत पोचलो नि इंजिन गेलं.

गेलं ते शिमग्याच्या आदल्या आठवड्यात. कोल्हापूरला निघालो होतो, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये बूस्टवर (टर्बो हवा दाबून भरत असताना) गाडी छान ओढत होती आणि एका डाव्या वळणावर तीन बीप वाजले, मीटरमध्ये तेलाच्या किटलीचं लाल चित्र आलं. घाटात तिथे थांबायला जागा नव्हती, मागे ट्रक होता, म्हणून पुढच्या वळणाला थांबू म्हटलं, तो अर्धा किलोमीटर नडला. आधी टकटक, मग खाडकन आवाज, आणि आरशात पाठी धूर. खाली वाकून बघितलं तर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला बोट जाईल एवढं भोक आणि त्यातून कनेक्टिंग रॉडचं तुटलेलं टोक दिसत होतं. त्या रात्री टो करून रत्नागिरीला आणली.

कारण नंतर संप, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, काढल्यावर कळलं. तिथून तेल ओढणाऱ्या पिकअपची जाळी काळ्या डांबरासारख्या स्लजनं जवळजवळ बंद झालेली. माझ्या आधीच्या मालकाकडे गाडीत बरीच वर्षं साधं मिनरल तेल पडत होतं आणि तेही उशिरा बदललेलं, मी घेतल्यावर चांगलं तेल वापरलं पण संप उघडून जाळी साफ करायची ही गोष्ट केली नाही. या इंजिनाला टर्बोमुळे तेल खूप तापतं, साधं तेल तिथे जळून चिकट होतं, नि तो गाळ जाऊन जाळीवर बसतो. फोक्सवॅगननं अमेरिकेत २००४ साली पसाटच्या १.८ टर्बोसाठी याच स्लजची वॉरंटी ८ वर्षांपर्यंत वाढवली होती. पसाटमध्ये इंजिन उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेनं), तेल कमी मावायचं, त्यात हा प्रकार जास्त. ऑक्टाव्हियात इंजिन आडवं (रुंदीच्या दिशेनं), तेल जास्त, त्यामुळे थोडं बरं, पण आपल्या घाटात आणि आपल्या उन्हात ते बरंपण किती टिकतं ते मी बघितलं. ज्याच्याकडे ही गाडी आहे त्यानं उद्या संप उघडावा, बाकी रिव्ह्यू नंतर वाचला तरी चालेल.

आता इंजिन कुठलं टाकायचं हा प्रश्न. स्वतःचा ब्लॉक वाचवायचा विचार दोन दिवस केला, कास्ट आयर्नचा ब्लॉक आहे, शिवून देणारे लोक आहेत, पण भोक नेमकं क्रँकच्या मेन बेअरिंगच्या बाजूला होतं आणि टर्बो गाडीत बूस्टवर तिथे किती ताण येतो हे माहीत असताना तो धोका घ्यायची हिंमत झाली नाही.

दुसरा पर्याय मित्रानं सुचवला. कुडाळचा आहे, त्याच्याकडे लॉरा १.८ टीएसआय, म्हणजे ऑक्टाव्हियाची पुढची पिढी. त्याचं म्हणणं लॉराचंच इंजिन टाक, १६० पीएस, २५० एनएम, नवीन तंत्र, पुढे ताकद वाढवायलाही सोपं. ऐकायला फार गोड वाटतं. मी खरंच आठवडाभर त्याच्या मागे होतो, एक अख्खं इंजिनही बघून ठेवलेलं. पण नीट बसून विचार केला तर ते इंजिन १७९८ सीसीचं, थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन मारणारं, म्हणजे हाय प्रेशर पंप, वेगळी फ्युएल लाइन, वेगळी वायरिंग, वेगळा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी कुलूप) पुन्हा जुळवायचा, मीटरशी बोलणं जुळवायचं. लॉराचा प्लॅटफॉर्म वेगळा, त्यामुळे माउंटिंग्ज पण करून घ्यायचे. शिवाय त्या पिढीच्या टीएसआयचं तेल पिणं आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे एक जुनं दुखणं काढून दुसरं घालायचं, वर दीड-दोन लाखांचं काम.

आणि कागदाचा मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठासून सांगितलं. तेच इंजिन, तोच प्रकार, फक्त नंबर बदलला तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नवा नंबर चढवता येतो. वेगळ्या जातीचं इंजिन टाकून चेकपोस्टवर पकडले गेलो किंवा अपघात झाला नि विम्यावाल्यानं नंबर तपासला तर हातात काही राहत नाही. माझ्या गाडीतून बायको आणि मुलगी फिरतात. टीएसआय तिथेच संपलं.

मग उरलं तेच १.८ टी, दुसऱ्या गाडीतलं. आता १.८ टी म्हणजे एकच इंजिन असं समजू नका, इथे बऱ्याच जणांचे पैसे बुडतात. उभ्या बसणाऱ्या पसाट आणि ऑडी ए४ मधलं आणि आपलं आडवं बसणारं दिसायला सारखं, दोन्ही १७८१ सीसी, पण माउंटिंगचे ब्रॅकेट, तेल फिल्टरचं हाउसिंग, इनटेक मॅनिफोल्ड, टर्बोची जागा, सगळं वेगळं. जुन्या उभ्या इंजिनात वॉटर पंप बाहेरून पट्ट्यावर फिरतो, आपल्यात तो टायमिंग बेल्टवर. ऑइल पंप चालवायची पद्धत पण वेगळी. ब्लॉकवर ओतीव नंबर असतो, आपल्याला त्यात ०६ए पाहिजे. विकणारा म्हणेल ‘दादा, सगळं बसतं’, तेव्हा टॉर्च घेऊन ब्लॉकवरचा नंबर वाचायचा. टायमिंग कव्हरवरच्या स्टिकरवर तीन अक्षरी कोड असतो पण स्टिकर बदलता येतं, म्हणून हेडच्या जोडाखाली ब्लॉकवर कोरलेला कोड पण बघायचा आणि दोन्ही जुळले पाहिजेत.

दोन महिन्यांत पाच इंजिनं बघितली. मुंबईत कुर्ल्याला दोन, पुण्यात एक, एक कोकणातच, आणि शेवटचं साताऱ्याकडचं जे घेतलं. कुर्ल्यातली दोन्ही जमिनीवर ठेवलेली, बाहेरून पेट्रोलनं धुवून चकाचक, चालू करून दाखवायची सोय नाही. मुंबईची गाडी ट्रॅफिकमध्ये चालते, किलोमीटर कमी असले तरी इंजिनाचे तास जास्त, तेल जळतं जास्त, आणि यापैकी कुठलीच गोष्ट बाहेरच्या चकाकीवरून कळत नाही. एकाचा टर्बो हातानं फिरवला तर पंखा हाउसिंगला घासत होता.

कोकणातल्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे हे पुढेही होणार आहे. एका विक्रेत्याकडे (नाव सांगत नाही) ‘शेडमध्ये ठेवलेलं, ४० हजार किमी चाललेलं’ इंजिन होतं, किंमत बाकीच्यांपेक्षा बरीच कमी. बाहेरून स्वच्छ, तेलाची डिपस्टिक काढली तर नवं सोनेरी तेल. मला तिथेच शंका आली, बंद पडून असलेल्या इंजिनात एवढं नवं तेल कोण कशाला घालेल. वरच्या टायमिंग कव्हरच्या दोन क्लिपा काढून आत टॉर्च मारला. बेल्टच्या दातांच्या खाचेत आणि कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात बारीक तांबडा-करडा गाळ वाळून बसलेला, नखानं खरवडला तर पावडर झाली, आणि कव्हरच्या आत आडवी रेघ, जिथपर्यंत पाणी होतं तिथपर्यंत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं त्यानंतर आम्ही चार दिवस माझ्या आत्याच्या घरातला गाळ काढत होतो, तो रंग आणि तो वास मी विसरणार नाही. मी काही बोललो नाही, कव्हर परत लावलं, विचारलं की ही गाडी चिपळूणची का, तर माणूस गप्प झाला. पुरात बुडालेल्या इंजिनात पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल आणि कोणी सेल्फ मारला असेल तर रॉड वाकलेला असतो, पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. इंजिन तरीही चालू होतं, कॉम्प्रेशन थोडं कमी दाखवतं, आणि मग एक दिवस बूस्टवर तेच होतं जे माझ्या आधीच्या इंजिनाचं झालं. कोकणात आणि कोल्हापूर-सांगलीकडेही पूर आलेत, त्यामुळे जुनं इंजिन घेताना वरचं टायमिंग कव्हर उघडून बघणं हे सगळ्यात आधी.

आमचे गॅरेजवाले नाना, पासष्टीचे आहेत, जुन्या प्रीमिअर पद्मिनीपासून कामं केलेली. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं, ‘अरे, इंजिन गाडीत बसलेलं असताना बघ. आणि संप खोलू देत नसेल तर तिथनंच परत ये.’ कुडाळच्या मित्राचंही तेच, ‘आदी खोलून बघ, मगे पैशे दी, घाई करू नको.’ म्हणून शेवटचं इंजिन मिळायला दोन महिने लागले आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

साताऱ्याजवळची ती गाडी पाठून ठोकलेली, विम्यानं टोटल लॉस ठरवलेली, पुढचा अर्धा भाग धड. मालक स्वतः भेटले, निवृत्त गृहस्थ, कागद सगळे फाइलमध्ये लावलेले. इंजिन गाडीतच होतं आणि चालू होत होतं. सकाळी थंड असताना सेल्फ मारायला लावला, थंडच असलं पाहिजे हे मी फोनवर आधीच सांगितलेलं, कारण गरम करून ठेवलं की चेन टेन्शनरची खडखड ऐकू येत नाही. या इंजिनात टायमिंग बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो आणि इनटेक कॅम दुसऱ्या टोकाला छोट्या चेननं फिरतो, त्या चेनचा हायड्रॉलिक टेन्शनर म्हातारा झाला की सुरू केल्यावर खडखड करतो. इथे दोन सेकंद आवाज आला नि गेला. ठीक. धूर नाही. एक्झॉस्टला हाताचा तळवा लावून बघितला, निळसर काही नाही. मग गरम झाल्यावर चारी प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं, १६५, १६५, १६०, १६५ पीएसआय. आकडा किती यापेक्षा चौघे सारखे आहेत का हे जास्त बघायचं. मग लीक-डाउन, म्हणजे पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती गळते ते बघायचं. तीन सिलिंडर सात-आठ टक्के, तीन नंबरचा चौदा. कान लावला तर सुस्कारा सायलेन्सरकडून येत होता, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तेलाच्या झाकणातून आला असता तर रिंग, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले असते तर हेड गॅस्केट. व्हॉल्व्ह म्हणजे हेड उघडून घासून घेण्याएवढंच काम, त्यामुळे किंमत थोडी कमी करायला सांगितली आणि काकांनी लगेच केली.

संप पण तिथेच खोलला, त्यांच्या अंगणात, खाली पत्रा टाकून. जाळी स्वच्छ. संपच्या तळाला चुंबक फिरवलं, नुसती करडी बारीक पेस्ट, एकही कण नाही. तिथे मी ठरवलं की हेच.

९० हजार रुपये दिले, इंजिन, टर्बो, अल्टरनेटर, वायरिंग सगळं धरून. बिल, गाडीच्या आरसीची कॉपी, आणि त्या गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द केल्याचा कागद, हे सगळं हातात घेतल्यावरच पैसे. इंजिन चोरीचं नाही हे दाखवायला पुढे आरटीओत हेच उपयोगी पडलं.

आता मशीन शॉप. हेड उघडायचं होतं म्हणून म्हटलं ब्लॉक पण मोजून घेऊ. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो, रत्नागिरीतून बरेच लोक तिकडेच जातात, लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं एका गल्लीत. ज्यांच्याकडे गेलो ते मामा माझ्या आयुष्यात भेटलेल्या सगळ्यात सरळ कारागिरांपैकी एक. मी आधीच ठरवून गेलेलो की बोअर करून घ्यायचा, ८१ चा ८१.५, नवीन पिस्टन टाकायचे, कारण टर्बो प्रोजेक्ट आहे तर सगळं नवीन पाहिजे. मामांनी बोअर गेज घेतला, प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि दोन दिशांनी मोजला. सगळे ८१.०१ ते ८१.०२ मिमी. मग मला बोलावून बोअरच्या आत टॉर्च धरला, कंपनीच्या होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. म्हणाले, ‘भावा, ह्यो ब्लॉक नीट हाय. ह्याला हात लावू नगंस. नवं पिस्टन कुठलं मिळंल, कसं बसंल, म्या खात्री देऊ शकत न्हाई. हे जसं हाय तसं ऱ्हाऊ दे.’ त्यांना बोअरिंगचे पैसे मिळत होते, तेही मी स्वतः द्यायला तयार होतो, आणि त्यांनी नको म्हटलं. घरी येताना घाटात मी याचाच विचार करत होतो.

हेडचं काम त्यांनी केलं. हेड सपाट आहे का बघितलं, प्रेशर टेस्ट करून भेग नाही याची खात्री केली, वीसच्या वीस व्हॉल्व्ह घासून बसवले, स्टेम सील नवीन. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेक दोन एक्झॉस्ट, त्यामुळे साध्या हेडपेक्षा वेळ जास्त लागतो, पाच दिवस घेतले आणि पाचव्या दिवशी बरोबर दिलं. क्रँक काढली नाही, फक्त बिग एंडचे (रॉड क्रँकला जोडतो तिथले) कॅप उघडून बेअरिंग बघितले. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, नख आडवं फिरवायचं, अडकलं तर ग्राइंडिंग. नाही अडकलं. बेअरिंग नवीन टाकले कारण जुने थोडे तांबडे दिसायला लागलेले, आणि प्लास्टिगेजनं (दाबून चपटी होणारी मोजपट्टीची तार) फट मोजली. रॉडचे बोल्ट आणि हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ताणून बसतात, ते नवीनच. इथे दोन-तीन हजार वाचवायला जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. आधीचं इंजिन फुटलं तेव्हा बेअरिंगचा धातू तेलाबरोबर सगळीकडे गेलेला. माझ्या जुन्या इंजिनावरचा ऑइल कूलर, जो तेल फिल्टरच्या हाउसिंगवर बसतो आणि कूलंटनं तेल थंड करतो, तो नवीन दिसत होता म्हणून मी वापरणार होतो. नानांनी तो हातात घेतला, पेट्रोल भरून हलवला आणि पांढऱ्या फडक्यावर ओतला. फडक्यावर चंदेरी कण पडले, एकदा, दोनदा, चौथ्यांदाही. आतल्या बारीक पट्ट्यांमध्ये ते अडकून बसतात आणि कितीही धुतलं तरी थोडे राहतात, मग नव्या इंजिनाच्या पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सुटतात. म्हणून कूलर नवा, टर्बोला तेल देणारी नळी नवी, जुना टर्बो बाजूला, इंटरकूलर उतरवून आतून धुतला आणि पाइप सगळे. ज्याचं इंजिन बेअरिंगमुळे गेलं त्यानं हे केलं नाही तर दुसरं इंजिनही त्याच वाटेनं जाईल.

बसवताना बदललेलं बाकी पटकन सांगतो. टायमिंग बेल्टचा पूर्ण किट, हायड्रॉलिक डॅम्परसकट, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात म्हणून यात तडजोड नाही. वॉटर पंप धातूच्या पंख्याचा, कंपनीचा प्लास्टिकचा पंखा शाफ्टवरून सुटतो आणि गाडी गरम होते. हेडच्या बाजूची प्लास्टिकची कूलंट फ्लँज, कूलंट टेंपरेचर सेन्सर, थर्मोस्टॅट. पीसीव्हीचे (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारे) सगळे रबर होज, जुने बिस्किटासारखे तुटतात आणि मग गाडी आयडलला डुलते. पाय उचलल्यावर टर्बोचा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. प्लगला ठिणगी देणारे कॉइल चारी नवीन. पेट्रोलचे होज पण सगळे, कारण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि २००५ च्या रबराचा त्यावर मला भरवसा नाही. ईसीयू माझाच ठेवला त्यामुळे चाव्या आणि इमोबिलायझरला काही झालं नाही, तेच इंजिन घेण्याचा हा एक मोठा फायदा.

गणपतीच्या चार दिवस आधी पहिला सेल्फ. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारला, मग फ्यूज लावला. दुसऱ्या प्रयत्नात चालू. नाना काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च घेऊन सगळीकडे गळती बघत फिरले आणि मग चहा मागवला. मुलीला मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो होतो, तिला माहीत होतं की हे इंजिन पुन्हा चालू झालंय, ती टाळ्या वाजवत होती.

आता चालवायला कसं आहे. पहिले एक हजार किमी जपून, मग तेल बदललं, फिल्टर कापून उघडून बघितला, स्वच्छ. तेल ५डब्ल्यू-४०, डब्यावर ५०२.०० (फोक्सवॅगनचा तेलाचा दर्जा) लिहिलेलंच, आणि दर ५ हजारला बदलणार. तेल आधी हजार किमीला तीनशे मिली खात होतं, आता निम्म्यावर आलंय. कंपनीचा के०३ टर्बो छोटा आहे पण घाटासाठी हाच बरा, २००० आरपीएमच्या आधीच ओढायला लागतो. हातखंब्याहून पाली, साखरपा आणि मग आंबा घाट, तिसऱ्या गिअरमध्ये पाय अर्धा दाबलेला आणि गाडी न कुरकुरता वर जाते, ज्या वळणावर तो लाल दिवा लागला होता तिथे अजूनही माझी नजर मीटरवर जाते. वेगळा तेलाचा प्रेशर मीटर लावलाय आता, गरम इंजिन आयडलला १.५ बारच्या आसपास, घाटात ४ च्या वर. मायलेज दहा-साडेदहा, हायवेला बारा. मूळ इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कोपऱ्यात असतो, मे महिन्यात तिथे हवाच पोचत नाही, मी समोर मोठा लावलाय त्यामुळे दुपारी दोन वाजता पण बूस्ट पडत नाही हे जाणवतं.

जे आवडलं नाही ते. व्हॉल्व्ह कव्हरचा गॅस्केट नवीन टाकूनही कोपऱ्यात ओलसर आहे, त्या अर्धगोल सीलपाशी. थंडीत सकाळी चेनची खडखड एखाद सेकंद येते, टेन्शनर पुढच्या वेळी बदलणार. आणि समुद्राजवळ राहतो त्याचा त्रास, बॅटरीचा अर्थिंग पट्टा आणि कॉइलचे कनेक्टर, सहा महिन्यांत हिरवट बुरशीसारखं जमतं, एकदा दोन नंबरचा मिसफायर आला तो नुसता कनेक्टर साफ करून गेला. आता दर महिन्याला कनेक्टर काढून साफ करतो आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे करावं लागत नसेल, मिऱ्या-भाट्याच्या लोकांना करावं लागेल.

खर्च सगळा धरून २ लाख १५ हजार झाला, इंजिन ९०, हेड आणि मशीनचं काम २२, बाकी पार्ट आणि नानांची मजुरी. यात आरटीओचे आणि विम्याचे वेगळे धरलेले नाहीत. आरटीओत अर्ज, बिल आणि गाडी दाखवणं, तीन फेऱ्या झाल्या, पण आरसीवर नवा इंजिन नंबर आला आणि विम्याच्या पॉलिसीवरही चढवून घेतला. नंबर न चढवता फिरणारे खूप आहेत, करू नका, गाडी विकताना किंवा अपघातात सगळं तिथेच अडकतं.

पुढे ताकद वाढवायची का असं बरेच जण विचारतात. या इंजिनाचे रॉड बारीक आहेत, उशिराच्या इंजिनात पिस्टनची पिन १९ मिमीची, आधीच्यांत २० ची, आणि लोकांचा अनुभव असा की साधारण ४०० एनएमच्या पुढे ते वाकायला लागतात. मोठा टर्बो लावायचा तर आधी फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) रॉड, मग बाकी. सध्या मी कंपनीच्या मॅपवरच (ईसीयूच्या मूळ सेटिंगवर) आहे. एक पावसाळा असाच काढायचा, तेलाचा प्रेशर महिन्याला लिहून ठेवायचा, आणि पुढच्या दसऱ्याला रॉड घ्यायचे.

इंजिनाला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या गळतीसाठी कापला. मामांच्या मशीन शॉपला पाच. कोणाकडे आडवं १.८ टी असेल आणि इंजिन बघायला जायचं असेल तर सांगा, रत्नागिरी, चिपळूण, लांजा, राजापूर या पट्ट्यात असाल तर लीक-डाउनचा गेज आणि टॉर्च घेऊन मी येतो. येत्या रविवारी व्हॉल्व्ह कव्हर परत उघडतोय, पाऊस सुरू व्हायच्या आत तो कोपरा सुकवायचाय.